एकच माणूस, तीन वंश: प्रदेशाची अस्मिता वंश आणि राष्ट्र कसं घडवते

साल १९०० च्या आसपासचा, इटलीच्या दक्षिणेकडच्या सिसिली बेटावरचा एक शेतमजूर डोळ्यासमोर आणा. माणूस काल्पनिक आहे पण त्याच्यासारखे लाखो होते. तो घरी होता तेव्हा त्याच्याच देशातले काही विद्वान लिहीत होते की दक्षिण इटलीची माणसं वेगळ्या आणि खालच्या वंशाची आहेत. तो बोटीत बसून अमेरिकेला गेला की तिथल्या इमिग्रेशनच्या कागदावर वंशाच्या रकान्यात ‘दक्षिण इटालियन’ लिहिलं जायचं, कारण १८९९ पासून त्यांच्या यादीत उत्तर इटालियन आणि दक्षिण इटालियन हे दोन वेगळे वंश होते. तिथून तो लुईझियानात उसाच्या मळ्यावर कामाला लागला की आजूबाजूच्या लोकांच्या नजरेत तो धड गोरा पण नाही आणि धड काळा पण नाही. आणि हाच माणूस जर दुसऱ्या बोटीत बसून ब्राझीलमधल्या साओ पाउलोला गेला असता तर तिथलं प्रांतिक सरकार त्याच्या तिकिटाचे पैसे भरायला तयार होतं, का तर तो युरोपियन आहे, गोरा आहे आणि त्यांना कॉफीच्या मळ्यांवर मजूर पण हवेत आणि आपला प्रांत गोरा पण करायचाय.

माणूस तोच, कातडी तीच, नाक-डोळे तेच. मग बदललं काय? तर त्याच्याकडे बघणारा प्रदेश बदलला, बाकी काही नाही.

आपल्याला शाळेपासून एक चित्र दाखवलं जातं की वंश म्हणजे शरीरात असलेली गोष्ट, राष्ट्र म्हणजे नकाशावर असलेली गोष्ट आणि प्रदेश म्हणजे राष्ट्राच्या पोटातला एक छोटा तुकडा, त्याची अस्मिता म्हणजे पोशाख, बोली आणि सणवार एवढंच. मला हे चित्र फार अपुरं वाटतं. कारण अख्खा देश कुणीच कधी बघितलेला नसतो, तेवढा तो बघता येतच नाही, त्यामुळे आपण देशाची कल्पना करतो ती आपल्या भागावरून, आपल्या भागात जे लोक दिसतात, जी भाषा ऐकू येते, जे नीटनेटकं वाटतं त्यावरून. आणि ज्या भागाकडे पैसा, कारखाने, पेपर आणि विद्यापीठं असतात त्याची कल्पना हळूहळू सगळ्या देशाची अधिकृत कल्पना होऊन बसते. मग उरलेले भाग ‘कमी देश’ ठरतात. आणि ते कमी का आहेत, गरीब का आहेत, याचं खरं उत्तर जमीन, कर, रेल्वे, शाळा असं लांबलचक आणि अडचणीचं असतं, त्यापेक्षा ‘त्यांचं रक्तच तसं आहे’ हे उत्तर सोपं पडतं. प्रादेशिक विषमता वंशाची भाषा बोलायला लागते ती इथून.

इटलीचंच बघा. देश एक झाला १८६१ मध्ये, उत्तरेतल्या पिडमाँटच्या राजाच्या नेतृत्वाखाली. दक्षिणेत नवे कर आले, सक्तीची सैन्यभरती आली, जमीन मिळेल म्हणून आशेवर बसलेल्या शेतकऱ्यांच्या हाती फारसं काही लागलं नाही, आणि पुढची काही वर्षं तिथे उठाव, लूटमार आणि लष्करी कारवाया असा रक्तरंजित काळ गेला, १८६३ मध्ये तर त्यासाठी खास कायदा करून लष्करी न्यायालयं आणली. आता हे एक राजकीय भांडण आहे ना? पण उत्तरेतून आलेले अधिकारी आणि डॉक्टर ते राजकीय भांडण म्हणून बघायलाच तयार नव्हते. चेझारे लोंब्रोझो हा व्हेरोनाचा डॉक्टर १८६२ मध्ये लष्करासोबत दक्षिणेतल्या कालाब्रियात होता. पुढे तो ‘जन्मजात गुन्हेगार’ या कल्पनेसाठी जगभर गाजला आणि त्या कल्पनेच्या मुळाशी त्याने सांगितलेली गोष्ट होती एका कालाब्रियन माणसाच्या कवटीची, की तिच्या मागच्या बाजूला एक खोलगट खड्डा आहे आणि तो म्हणे माणूस उत्क्रांतीत मागे राहिल्याची खूण. एका गरीब माणसाची कवटी, आणि तिच्यावरून अख्ख्या प्रदेशाबद्दल निष्कर्ष.

पुढे आल्फ्रेडो निचेफोरो नावाच्या अभ्यासकाने १८९८ मध्ये सरळ मांडलं की इटलीत दोन वंश आहेत, उत्तरेला आर्य आणि दक्षिणेला भूमध्य, आणि दुसरा पहिल्याच्या मागे आहे. निचेफोरो स्वतः सिसिलीचा होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण ताकदवान प्रदेशाची नजर एकदा ‘विज्ञान’ म्हणून मान्य झाली की दुसऱ्या प्रदेशातली माणसंही स्वतःकडे त्याच नजरेने बघायला लागतात. पण त्याच सिसिलीतून नेपोलिओने कोलायान्नी उभा राहिला आणि त्याने हा सगळा प्रकार खोडून काढला, त्याचं म्हणणं असं की दक्षिणेच्या दुर्दशेची कारणं सामाजिक आणि आर्थिक आहेत, कवटीत शोधू नका. पण त्याचं ऐकून घेणारे कमी होते. अमेरिकेच्या इमिग्रेशन यादीत जी उत्तर-दक्षिण रेघ आली तिला इटलीतल्याच या अभ्यासकांचा आधार होता, म्हणजे एका देशातलं प्रादेशिक भांडण बोटीतून समुद्र ओलांडून दुसऱ्या देशाच्या सरकारी फॉर्मवर जाऊन बसलं.

आता हे इटालियन अमेरिकेत गेल्यावर काय झालं? कायद्याने इटालियन गोरेच होते, १७९० च्या कायद्यानुसार फक्त ‘मुक्त गोऱ्या व्यक्तीं’ना नागरिकत्व मिळायचं आणि इटालियन लोकांना ते मिळत होतं. पण कायदा वॉशिंग्टनचा आणि रोजचं जगणं अमेरिकेच्या दक्षिणेतलं. १४ मार्च १८९१ ला न्यू ऑर्लिन्समध्ये जमावाने ११ इटालियन लोकांना तुरुंगात घुसून मारलं, त्यातले बरेच सिसिलीचे होते. आणि मला सगळ्यात बोलकी वाटते ती १९२२ ची अलाबामातली केस. एका काळ्या माणसावर गोऱ्या बाईशी संबंध ठेवल्याचा आरोप होता, तिथे तेव्हा तो गुन्हा होता, आणि खालच्या कोर्टाने त्याला दोषी ठरवलं होतं. अपील कोर्टाने शिक्षा रद्द केली. कारण काय, तर ती बाई सिसिलीहून आलेली होती आणि नुसतं सिसिलीहून आली म्हणजे ती गोरीच असं सिद्ध होत नाही! विचार करा, न्यूयॉर्कमध्ये कदाचित हा प्रश्न कुणाच्या डोक्यातही आला नसता.

अमेरिकेची दक्षिण म्हणजे तर वंशाची व्याख्या प्रांताप्रांतात कशी बदलते याचं उघडं पुस्तक आहे. व्हर्जिनियात १९१० पर्यंत एक चतुर्थांश आफ्रिकन पूर्वज असले तर माणूस कायद्याने काळा, मग ते एक सोळांश केलं आणि १९२४ ला तर पूर्वजांमध्ये कुठेही, कितीही मागे एक जण आफ्रिकन असला तरी गोरेपण गेलं. शेजारच्या राज्यात वेगळं गणित. म्हणजे राज्याची हद्द ओलांडली की वंश बदलू शकत होता, शब्दशः. बरं व्हर्जिनियाच्या त्याच कायद्यात मूळनिवासी पूर्वजांसाठी मात्र सूट होती, एक सोळांशपर्यंत चालेल, कारण तिथली जुनी खानदानी घराणी स्वतःला पोकाहाँटस या जुन्या काळातल्या प्रसिद्ध मूळनिवासी स्त्रीचे वंशज म्हणवून घेत होती आणि त्यांना काळं कसं ठरवणार? प्रदेशाच्या अभिमानाची कथा कायद्यात कशी घुसते ते बघा.

न्यू ऑर्लिन्सची गोष्ट आणखी वेगळी. तिथे फ्रेंच आणि स्पॅनिश राजवटींमुळे समाजात तीन थर होते, गोरे, गुलाम काळे आणि मधला मोठा थर, म्हणजे मुक्त मिश्र लोक, ज्यांच्यात शिकलेले, मालमत्ता असलेले कितीतरी होते. अमेरिकेच्या बाकीच्या दक्षिणेत दोनच खण. होमर प्लेसी हा याच मधल्या थरातला, त्याच्या आठ पणजोबा-पणजींपैकी सात गोरे. त्याने रेल्वेतल्या वेगळ्या डब्यांच्या कायद्याला मुद्दाम आव्हान दिलं आणि १८९६ मध्ये सुप्रीम कोर्टात तो हरला, आणि ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व पुढची जवळजवळ साठ वर्षं देशभर चाललं. एका शहराची तीन थरांची समज होती आणि तिच्यावर दोन खणांची समज लादली गेली. आंतरवंशीय लग्नावरची बंदी सुप्रीम कोर्टाने रद्द केली १९६७ ला, तेव्हाही अशी बंदी १६ राज्यांत चालू होती आणि ती जवळजवळ सगळी दक्षिणेतली आणि तिच्या कडेची. ‘अमेरिकन लोक वंशाबद्दल असा विचार करतात’ असं कुणी म्हणालं की म्हणूनच विचारावं वाटतं, कुठले अमेरिकन?

ब्राझीलबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तिथे हे सगळं इतकं उघड दिसतं. गुलामगिरी तिथे संपली १८८८ ला, अमेरिका खंडात सगळ्यात शेवटी. त्याच सुमाराला साओ पाउलोत कॉफीचा पैसा आला आणि मळेवाल्यांनी सुटलेल्या काळ्या मजुरांना नीट मजुरी देण्याऐवजी युरोपातून माणसं आणायला सुरुवात केली, त्यात इटालियन सगळ्यात जास्त. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत साओ पाउलोची स्वतःबद्दलची कथा तयार झाली, की आम्ही मेहनती, आधुनिक, उद्योगी, आणि आम्ही देशाचं इंजिन, बाकीची राज्यं म्हणजे रिकामे डबे. या कथेत ‘गोरे’ हा शब्द प्रत्येक वेळी उच्चारायची गरजच नव्हती. प्रगती, स्वच्छता, शिस्त असे शब्द वापरले की गोरेपणा त्यात आपोआप येत होता, आणि ‘ईशान्य’, म्हणजे बाहिया, पेर्नाम्बुको, सेआरा हा दुष्काळ आणि ऊस मळ्यांचा भाग म्हटला की काळं-सावळं, मागास, अडाणी हे आपोआप येत होतं. प्रदेशाचं नाव घेतलं की वंश न बोलता सांगता येतो, हा या सगळ्यातला सगळ्यात धोकादायक भाग आहे असं माझं मत आहे, कारण त्यावर बोट ठेवलं की समोरचा म्हणतो, ‘मी कुठे रंगाबद्दल बोललो, मी तर फक्त त्या भागाबद्दल बोललो.’

१९३० मध्ये जेतुलियो वर्गास सत्तेवर आला आणि साओ पाउलोचं वर्चस्व गेलं, तेव्हा ९ जुलै १९३२ ला त्या राज्याने केंद्राविरुद्ध चक्क सशस्त्र उठाव केला, जवळजवळ तीन महिने लढाई चालली आणि ते हरले. घोषणा होती ती देशाला संविधान द्या अशी, आणि ती मागणी खोटी नव्हती. पण प्रचारात केंद्राच्या सैनिकांचं, त्यातही ईशान्येकडून आलेल्यांचं वर्णन असायचं ते रानटी, काळ्या-सावळ्या टोळ्यांसारखं, जणू लढाई दोन वंशांत आहे. आणि त्याच वेळी साओ पाउलोच्या बाजूने काळ्या सैनिकांची एक स्वतंत्र तुकडी लढत होती! त्या काळ्या लोकांना आपला प्रांत आपला वाटत होता, जीव द्यायला तयार होते ते, पण प्रांताने स्वतःचा जो चेहरा रंगवला होता त्यात त्यांना जागा नव्हती. ९ जुलै ही तिथे आजही सुट्टी असते.

आता याच्या दुसऱ्या बाजूला, लगेच पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये जिल्बेर्तो फ्रेइरी या ईशान्येतल्या रेसिफे शहरातल्या लेखकाने उलट मांडणी केली की ब्राझीलचं खरं वैशिष्ट्य मिश्रण आहे, पोर्तुगीज, आफ्रिकन आणि मूळनिवासी यांच्या मिसळण्यातून हा देश झाला. ही राष्ट्राची व्याख्या म्हणून वाचली जाते पण नीट बघितलं तर ती पण एका प्रदेशाचीच नजर आहे, ऊस मळ्यांच्या पेर्नाम्बुकोची आणि त्यातही मळेवाल्याच्या वाड्यातून बघणाऱ्याची, म्हणून तिच्यात मिसळण्याची उब जास्त दिसते आणि गुलामगिरीतली जबरदस्ती कमी. वर्गासच्या सरकारला ही मिश्रणाची कल्पना फार सोयीची पडली कारण त्याला प्रांतांची रग जिरवायची होती. १९३७ मध्ये तर रिओमध्ये जाहीर समारंभ करून सगळ्या राज्यांचे झेंडे जाळले, आता एकच राष्ट्र, एकच झेंडा. पण झेंडे जाळून प्रदेशांचा क्रम काही बदलला नाही. ईशान्येतून लाखो माणसं ट्रकमध्ये दाटीवाटीने बसून साओ पाउलोच्या कारखान्यांत आली, आजचे राष्ट्राध्यक्ष लुला तसेच लहानपणी १९५२ मध्ये आले, आणि तिथे कुठल्याही राज्यातून आलेल्याला सरसकट ‘बाहियानो’ म्हणायचे, हेटाळणीने. ब्युनोस आयर्समध्येही १९४० च्या दशकात अर्जेंटिनाच्या आतल्या भागातून आलेल्या मजुरांना ‘काळी डोकी’ म्हणायचे, तेच.

हा जुना इतिहास आहे असं समजू नका. २०१० च्या निवडणुकीनंतर साओ पाउलोतल्या एका विद्यार्थिनीने ईशान्येच्या लोकांविरुद्ध द्वेषाचं ट्विट केलं आणि तिला शिक्षा झाली ती वंशभेदविरोधी कायद्याखाली. म्हणजे कोर्टानेच मान्य केलं की प्रदेशाचा द्वेष इथे वंशद्वेषासारखं काम करतो. २०२२ च्या जनगणनेत ब्राझीलमध्ये ४५.३ टक्के लोकांनी स्वतःला मिश्र, ४३.५ टक्क्यांनी गोरं आणि १०.२ टक्क्यांनी काळं म्हणून नोंदवलं, आणि तिथे हे माणसाने स्वतः सांगायचं असतं. साहजिकच कुठल्या राज्यात उभं राहून सांगतोय याचा त्या उत्तरावर परिणाम होतो. शिवाय एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे ‘बाहिया काळा, दक्षिण गोरी’ हे इतकं पक्कं बसलंय की दक्षिणेतल्या राज्यांत पिढ्यान् पिढ्या राहणारे काळे लोक कुणाला दिसतच नाहीत, त्यांनाच विचारतात, कुठून आलात.

प्रादेशिक अस्मिता म्हणजे नेहमी असंच होतं का? नाही, आणि याचं चांगलं उदाहरण स्पेनमध्ये आहे. उत्तर स्पेनमधल्या बास्क प्रदेशाच्या राष्ट्रवादाचा जनक साबिनो आराना, त्याने १८९५ मध्ये पक्ष काढला तेव्हा बिल्बाओच्या खाणी आणि लोखंडाच्या कारखान्यांत स्पेनच्या बाकी भागातून मजूर येत होते, आणि त्याची बास्कपणाची व्याख्या रक्ताची होती, आजी-आजोबांची आडनावं बास्क हवीत इथपर्यंत. स्पेनच्याच कॅटलोनिया या दुसऱ्या भागातही बाहेरून मजूर आले, त्यांनाही हिणवणारा शब्द होताच, पण तिथल्या मुख्य प्रवाहाने पुढे व्याख्या केली ती अशी की जो इथे राहतो, काम करतो आणि भाषा आपलीशी करतो तो आमचा. आडनाव शिकता येत नाही, भाषा येते. एवढ्या एका फरकाने दार उघडं राहतं का बंद होतं ते ठरतं. आणि बास्क लोकांनीही पुढे, विशेषतः १९६० नंतर, रक्तापेक्षा भाषेवर जोर दिला, म्हणजे व्याख्या बदलता येते.

भारतात प्रदेशांना वंशाचे शिक्के मारायचं काम इंग्रजांनी केलं आणि पद्धतशीर केलं. १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख हर्बर्ट रिस्ले लोकांची नाकं मोजून देशाचे सात वंश ठरवत होता, आणि ते वंश बघितले तर चक्क प्रांतांचा नकाशा आहे: पंजाब-राजपुताना म्हणजे इंडो-आर्यन, संयुक्त प्रांत आणि बिहार म्हणजे आर्यो-द्रविड, बंगाल म्हणजे मंगोलो-द्रविड, आणि मराठी ब्राह्मण आणि कुणबी यांना त्याने टाकलं ‘सिथो-द्रविड’ नावाच्या खणात, म्हणजे मध्य आशियातले शक आणि इथले द्रविड यांचं मिश्रण. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९३२ मध्ये त्याच मोजमापांची छाननी करून दाखवलं की नाक आणि जात यांचा जो संबंध रिस्ले सांगतो तो उत्तरेच्या एका पट्ट्याबाहेर टिकत नाही. एका प्रदेशातलं निरीक्षण सगळ्या देशाचा नियम म्हणून खपवलं होतं.

त्यात ‘मंगोलॉइड’ नावाचाही एक खण होता, आणि त्या खणाची सावली अजून आहे. मणिपूर, नागालँड, मिझोराम, अरुणाचलच्या माणसाला त्याच्याच देशाच्या राजधानीत कुठल्या देशाचा म्हणून विचारतात. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या एका तरुण विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला, भांडणाची सुरुवात त्याच्या दिसण्याची टिंगल करण्यावरून झाली होती. त्यानंतर केंद्राने बेझबरुआ समिती नेमली आणि तिने वांशिक शेरेबाजीविरुद्ध फौजदारी कायद्यात नवी कलमं घालायची आणि ईशान्येचा इतिहास देशभरच्या अभ्यासक्रमात आणायची शिफारस केली. दुसरी शिफारस मला पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते, कारण ‘भारतीय दिसतो कसा’ याचं चित्र जर फक्त दोन-चार प्रदेशांवरून बनलं असेल तर कायद्याने शिवी थांबेल पण तो प्रश्न थांबणार नाही.

आणि चित्र बदलतं, पण कशामुळे बदलतं तेही बघायला हवं. उत्तर इटलीत १९९० च्या दशकात लेगा नोर्द (म्हणजे ‘उत्तरेची लीग’) हा पक्ष दक्षिणेच्या लोकांना ओझं म्हणत होता, १९९६ मध्ये तर त्यांनी व्हेनिसमध्ये उत्तरेच्या स्वातंत्र्याची घोषणा सुद्धा केली. २०१८ च्या निवडणुकीत त्याच पक्षाने नावातलं ‘उत्तर’ गाळलं, ‘आधी इटालियन’ ही घोषणा घेतली आणि दक्षिणेत जाऊन मतं मागितली, आणि ती मिळाली पण. दीडशे वर्षं ज्यांना वेगळ्या रक्ताचे म्हटलं ते आता आपले झाले, कारण आफ्रिकेतून आणि आशियातून येणारे स्थलांतरित हे नवे परके सापडले होते. सिसिलीच्या बंदरांवर बोटीतून उतरणाऱ्या माणसांबद्दल आता तेच शब्द वापरले जातात जे एकेकाळी सिसिलीहून बोटीत बसलेल्या माणसांबद्दल वापरले जायचे.